एसीचा गॅस संपत नसतो, हे कोणी सांगायचे?

एसीमधला गॅस संपत नसतो. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला गॅस जळतो, म्हणून तो संपतो. एसीतला गॅस तांब्याच्या बंद नळीत फिरत राहतो. खोलीतली उष्णता उचलतो, बाहेरच्या युनिटकडे नेऊन टाकतो आणि पुन्हा आत येतो. नळीला कुठे भोक पडले नसेल, फ्लेअरचा सांधा सैल झाला नसेल, तर एकदा नीट भरलेला गॅस यंत्र भंगारात जाईपर्यंत पुरायला हवा. तरीही दरवर्षी होळीच्या सुमारास घरोघरी तेच वाक्य ऐकू येते, "गॅस कमी झालाय, भरावा लागेल." घरातले पैसे देतात, मेकॅनिक गॅस भरतो, गळती आहे तिथेच राहते. पुढच्या होळीला पुन्हा गॅस.

मी वातानुकूलन अभियंता आहे. राज्यातल्या एका शहरात आमच्या व्यावसायिक संघटनेची जी स्थानिक शाखा आहे, तिचा बावीस वर्षे सभासद आहे. आमच्या मासिक सभेला जमणाऱ्या प्रत्येकाला वरची गोष्ट ठाऊक असते. सभागृहातून बाहेर पडून रस्ता ओलांडला, की ती जवळजवळ कोणालाच ठाऊक नसते. हे अंतर मिटवायचे काम कोणाचे? माझे उत्तर सरळ आहे : स्थानिक शाखेचे. आणि ते करायचे तर शाखेने मराठीत बोलायला हवे, आणि सभेत एसी मेकॅनिकला खुर्ची द्यायला हवी.

या संघटना काय करतात, हे बाहेर फारसे माहीत नसते, म्हणून थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या उष्णता आणि वायुवीजन अभियंत्यांनी १८९४ साली संघटना काढली. पुढे १९५९ मध्ये शीतकरण अभियंत्यांची वेगळी संघटना तिच्यात मिळून आजची 'ॲशरे' झाली. आपल्याकडे १९८१ साली दिल्लीत 'इशरे' सुरू झाली. मुंबई, पुण्यासह देशभर तिच्या शाखा आहेत. महिन्याला एक तांत्रिक व्याख्यान, अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या विद्यार्थी शाखा, शाळकरी मुलांसाठी उपक्रम, कारखान्यांच्या भेटी, 'ॲक्रेक्स' हे मोठे प्रदर्शन, आणि आता २६ जूनचा जागतिक शीतकरण दिन. तो लॉर्ड केल्विन यांचा जन्मदिवस. पदाधिकारी विनावेतन काम करतात. दिवसभर साइटवर उन्हात उभे राहून संध्याकाळी सभेच्या खुर्च्या मोजणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे, आणि पुढचे सगळे मी त्या आदरापोटीच लिहितो आहे.

या संघटना मनावर घेतात तेव्हा काय होते, हे आपण एप्रिल २०२० मध्ये पाहिले. टाळेबंदी लागलेली, एसी लावला तर विषाणू पसरेल का याची घराघरांत भीती. रुग्णालयांना तर एसी बंद करणे शक्य नव्हते आणि चालू ठेवायचीही धास्ती. त्या महिन्यातच 'इशरे'ने मार्गदर्शिका काढली : खोलीचे तापमान २४ ते ३० अंश, आर्द्रता ४० ते ७० टक्के, एसी चालू असला तरी खिडकी किंचित उघडी, बाहेरची हवा आत आणि आतली हवा बाहेर जाईल अशी सोय. त्या वेळी मला नातेवाइकांचे, शेजाऱ्यांचे, गावाकडच्या डॉक्टरांचे इतके फोन आले, की मीच तिचा साध्या मराठीत दीड पानाचा गोषवारा लिहून पाठवला. तो किती जणांनी पुढे पाठवला याचा हिशेब नाही. त्या दीड पानाने मला जे कळले, ते बावीस वर्षांच्या सभांनी कळले नव्हते. लोकांना हे ज्ञान हवे आहे. त्यांच्यापर्यंत ते त्यांच्या भाषेत येत नाही, एवढेच.

आपण किती हवा श्वासात घ्यायची, हेसुद्धा कुठल्या तरी खोलीत बसून अभियंतेच ठरवतात, याची किती जणांना कल्पना असते? १९७३ च्या तेलसंकटानंतर वीज आणि इंधन वाचवण्याची निकड सगळ्या जगाला भासली. १९७५ मध्ये 'ॲशरे'ने इमारतींच्या ऊर्जेचे मानक काढले. याच काळात बंद इमारतीत बाहेरची हवा कमी घेतली तर वीज वाचते, हेही मान्य झाले. १९८१ च्या वायुवीजन मानकात माणशी मिनिटाला ५ घनफूट हवाही काही जागांसाठी पुरेशी धरली गेली. मग त्या काळातल्या घट्ट बंद इमारतींत डोके दुखणे, डोळे चुरचुरणे, सुस्ती अशा तक्रारी वाढल्या, आणि १९८९ मध्ये किमान आकडा १५ घनफूट करावा लागला. तिप्पट. समितीतली माणसे प्रामाणिक होती, चूकही त्यांनीच दुरुस्त केली. पण त्या मधल्या वर्षांत कचेऱ्यांत बसलेल्या कारकुनाला, टायपिस्टला कोणी विचारले नव्हते. इतका थेट श्वासाचा प्रश्न 'तांत्रिक' म्हणून आतल्या आत ठरवता येत नाही, असे मला वाटत आले आहे.

आता मेकॅनिककडे येतो, कारण माझ्या मते सगळ्या गोष्टीची नाडी तिथे आहे.

दीड टनाच्या स्प्लिट एसीत साधारण किलोभर गॅस असतो. तो आर-४१०ए असेल, तर एक किलो हवेत सोडणे म्हणजे जवळपास दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडण्याइतके तापमानवाढीला हातभार लावणे. स्कूटरच्या भाषेत सांगायचे तर पेट्रोलवर चाळीस हजार किलोमीटर फिरण्याइतके. आर-२२ चेही तसेच, थोडे कमी. नव्या यंत्रांतल्या आर-३२ चा परिणाम तुलनेने बराच कमी, किलोला पावणेसातशे किलोच्या आसपास. आता गच्चीवर काय होते ते पाहा. एसी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवायचा आहे. गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेऊन वाल्व बंद करायला दहा मिनिटे लागतात. तेवढा वेळ नसतो. नट सैल केला, फुस्स झाले, संपले. नवीन जागी जोडताना नळीतली हवा काढण्यासाठी व्हॅक्यूम पंप लावायला हवा, अर्धा-पाऊण तास. त्याऐवजी थोडा गॅस सोडून हवा ढकलून दिली जाते. नळीत ओल राहते, ती कॉम्प्रेसरच्या तेलात मिसळून आम्ल तयार होते, दोन वर्षांत कॉम्प्रेसर जातो. घरमालक कंपनीला शिव्या देतो.

मेकॅनिकला याची फिकीर नसते, असे आमच्या सभेत कोणी म्हणाले की मला वाईट वाटते. माझ्या ओळखीच्या एका मेकॅनिकला मी विचारले होते, व्हॅक्यूम का काढत नाही? तो म्हणाला, "सर, सीझनला दिवसाला आठ कॉल असतात. पंप डोक्यावर घेऊन पाचवा मजला चढायचा, आणि गिऱ्हाईक विचारतं, अजून किती वेळ? आणि व्हॅक्यूमचे वेगळे पैसे मागितले तर म्हणतात, पलीकडचा तर घेत नाही." त्याच्या बोलण्यात एकही शब्द खोटा नव्हता. गॅस परत सिलिंडरमध्ये ओढून घेणारे रिकव्हरी मशीन तर त्याने फक्त चित्रात पाहिलेले. पट्टा न बांधता तो छज्जावर उभा राहतो, एका हाताने ग्रिल धरून दुसऱ्या हाताने पाना फिरवतो. शहरांतून दर उन्हाळ्यात असा कोणी ना कोणी पडून गेल्याची बातमी आतल्या पानावर येते. आमच्या सभेत इमारतींच्या सुरक्षेवर व्याख्याने झाली. त्या छज्जावर एकही झाल्याचे मला आठवत नाही.

आणि वेळ फार नाही. २०१६ मध्ये रवांडातल्या किगाली शहरात जो करार झाला, तो भारताने २०२१ मध्ये मान्य केला. त्यानुसार हायड्रोफ्लुओरोकार्बन गॅसांचा (आर-४१०ए, आर-३२ याच कुळातले) वापर आपण २०२८ ला गोठवायचा आहे, २०३२ पासून कमी करत जायचे आहे आणि २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी खाली आणायचे आहे. त्यांच्या जागी जे येते आहे त्यात आर-२९० आहे, म्हणजे चक्क प्रोपेन, आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ. वातावरणाला तो जवळजवळ निरुपद्रवी, पण पेट घेणारा. आर-३२ सुद्धा सौम्य का होईना, ज्वलनशील आहे. 'थोडा गॅस सोडून हवा काढायची' ही आर-२२ च्या काळातली सवय बंद बेडरूममध्ये प्रोपेनबरोबर वापरली, तर काय होईल हे अभियंत्याला सांगायला नको. ते मेकॅनिकला सांगायला हवे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या शीतकरण कृती आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट होते, कंपन्याही आपापल्या डीलरच्या माणसांना शिकवतात. कोपऱ्यावरच्या दुकानात काम शिकलेला, कुठल्याच कंपनीचा नसलेला मुलगा मात्र या दोन्ही जाळ्यांतून निसटतो. त्याच्या शहरात, त्याच्या दुकानापासून तीन किलोमीटरवर, दर महिन्याला देशातले उत्तम अभियंते जमतात. तेवढे जवळ दुसरे कोणी नाही.

माझ्या ओळखीच्या त्या मेकॅनिकला मी एकदा सभेला ये म्हणालो. तो विचारात पडला. मग म्हणाला, "हॉटेलात आहे ना सर? असे कपडे चालतील का?"

आमची सभा इंग्रजीत होते. वक्ता कधी चेन्नईचा, कधी परदेशातला, म्हणून ते समजण्यासारखे आहे. पण वक्ता नाशिकचा, श्रोते सगळे मराठी किंवा हिंदी समजणारे, तरी सभा इंग्रजीतच, याला कारण सवयीपलीकडे काही नाही. मराठीत तांत्रिक शब्द नाहीत, हे उत्तर मला मान्य नाही. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून विज्ञान मराठीत आणते आहे. आणि आमच्या धंद्यात तर शब्दांचा प्रश्न कधीच सुटलेला आहे. सक्शन, डिस्चार्ज, प्रेशर, कॉइल, गेज हे शब्द मेकॅनिक रोज मराठी वाक्यात वापरतो. "सक्शनला बर्फ धरलाय, फिल्टर चोक असेल" हे शुद्ध, कामाचे मराठी आहे. मुंबई-पुण्यातले पुष्कळ मेकॅनिक उत्तर प्रदेश-बिहारचे आहेत, त्यांच्यासाठी हिंदी. तेवढी सोय ठेवायला काय हरकत आहे?

काही वर्षांपूर्वी एका आयटीआयमध्ये मी तासभर बोललो. दीड टन, दीड टन असे मुले रोज म्हणत होती. टन म्हणजे काय, विचारले. कोणी म्हणाले वजन, कोणी म्हणाले ताकद. मग फळ्यावर बर्फाची लादी काढली. एक टन, म्हणजे अमेरिकी मापाचा २,००० पौंड बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता खोलीतून काढणारे यंत्र ते एक टनाचे. यंत्रे येण्याआधी माणसे बर्फानेच थंडावा मिळवायची, त्याची ही आठवण. वर्गात एकदम गलका झाला. मागच्या बाकावरच्या एकाने हिशेब करून विचारले, मग वरच्या मजल्यावर, स्लॅब तापते तिथे, दीड टन कसे पुरेल? त्या प्रश्नातून आम्ही स्लॅबला चुना लावण्यापर्यंत पोहोचलो, नागपूरच्या कोरड्या हवेत कूलर का चालतो आणि मुंबईच्या दमट हवेत का चालत नाही इथपर्यंत पोहोचलो. घंटा झाली तरी कोणी उठेना. हे मी एकट्याने, एका दुपारी, खडूच्या तुकड्याने केले. शाखेकडे तर दोन-तीनशे सभासद असतात.

शहराचे मोठे प्रश्न समोर येतात तेव्हाही आमचा आवाज ऐकू येत नाही. जून २०२५ मध्ये केंद्रीय मंत्री मनोहर लाल यांनी एसीचे तापमान २० ते २८ अंशांच्या मध्ये बांधून टाकण्याचा विचार जाहीर केला. घराघरांत वाद झाले. आमच्या घरात आता सरकार रिमोट धरणार का, असा सूर. तापमान एक अंशाने वाढवले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. नव्या स्टार-लेबल एसीत सुरुवातीचे तापमान २४ अंश हवे, हा नियम तर १ जानेवारी २०२० पासूनच आहे. शरीराला थंड वाटणे हे फक्त तापमानावर अवलंबून नसते. आर्द्रता, वाऱ्याचा वेग, भिंतीची उष्णता, अंगावरचे कपडे यांवरही असते. पंखा मंद चालू ठेवला तर २६-२७ अंशही सुखाचे वाटतात. अहमदाबादच्या 'सेप्ट' विद्यापीठातल्या संशोधकांनी भारतीय कचेऱ्यांत पाहणी करून आपल्या लोकांना सवयीने कोणते तापमान सुखाचे वाटते याचे प्रतिमानही तयार केले आहे. हे सगळे आमच्याकडे पाठ असते. त्या आठवड्यांत मराठीत हे समजावून सांगणारा एखादा स्थानिक अभियंता माझ्या तरी वाचण्यात आला नाही, आणि मी स्वतःही लिहिले नाही. तेव्हा लिहायला हवे होते.

यापेक्षा गंभीर गोष्ट रुग्णालयांची. २०२१ या एका वर्षात महाराष्ट्रात भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळे गेली. एप्रिलमध्ये विरारच्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात पंधरा रुग्ण गेले. नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अकरा. विरारची आग वातानुकूलन यंत्रापासून सुरू झाल्याचे तेव्हा अधिकाऱ्यांनी सांगितले होते. प्रत्येक घटनेची चौकशी निराळी आणि कारणांबद्दल मी निवाडा देणार नाही. पण असे कक्ष कसे असतात हे मला माहीत आहे. खिडक्या एसीसाठी बंद, घरगुती वापरासाठी बनवलेले स्प्लिट एसी चोवीस तास सलग चालू, वायरिंग मूळच्या पंख्या-दिव्यांच्या भारासाठी टाकलेले, हवेत ऑक्सिजनचे प्रमाण वाढलेले, आणि धूर बाहेर जायला एकही वाट नाही. आग लागल्यावर धूरच आधी मारतो. आगीचे ऑडिट होते, विजेचे होते. हवेचे ऑडिट करा, असे कोणी म्हणत नाही.

हवेचे ऑडिट आगीपुरतेही नाही. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, तीच हवा फिरवतो, हेही लोकांना माहीत नसते. संसर्गजन्य हवेची काळजी घ्यायच्या कक्षात, नैसर्गिक वायुवीजन असेल तर, दर रुग्णामागे सेकंदाला सरासरी १६० लिटर हवा हवी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये सांगितले. उंच छत, समोरासमोर मोठ्या खिडक्या असलेल्या जुन्या दगडी रुग्णालयात ती मिळू शकते. त्याच वॉर्डात फॉल्स सीलिंग करून एसी बसवला, खिडक्या सील केल्या, की ती जवळजवळ शून्यावर येते. देणगीदाराने प्रेमाने दिलेला एसी क्षयाच्या रुग्णाशेजारच्या माणसाला धोक्यात घालतो. शिकवणीच्या वर्गांतही मी मीटर घेऊन बसलो आहे. बाहेर कार्बन डायऑक्साइड हवेच्या दहा लाख भागांत ४२० च्या आसपास, दारे-खिडक्या बंद करून दीड तास शिकवल्यावर आत २,८०० च्या पुढे. मुले जांभया देत होती आणि सर त्यांना आळशी म्हणत होते.

शाखेने ठरवले तर आपल्या शहरातल्या महापालिकेच्या प्रत्येक रुग्णालयात दोन सभासद, एक मीटर, एक धुराची कांडी आणि एक दुपार, एवढ्यात पहिली पाहणी होईल. अहवाल मराठीत, दोन पानांचा. पैसे मागायचे नाहीत, नंतरचे काम कोणत्याही सभासदाने घ्यायचे नाही, हे आधीच लिहून द्यायचे, म्हणजे कोणी बोट दाखवणार नाही.

आक्षेप मला ठाऊक आहेत, आणि त्यातले काही खरे आहेत. ही व्यावसायिक संघटना आहे, समाजसेवी संस्था नाही. सभासद वर्गणी भरतात ते स्वतःचे ज्ञान वाढावे म्हणून. व्याख्यानाचा खर्च प्रायोजक कंपन्या उचलतात, त्यांना सल्लागार अभियंते समोर हवे असतात, मेकॅनिक नव्हेत. सगळ्यात मोलाचा आक्षेप एका ज्येष्ठ सभासदांचा आहे. ते म्हणाले, अर्धवट शिकवलेला मेकॅनिक न शिकवलेल्यापेक्षा धोक्याचा. प्रोपेन हाताळायला एका रविवारी शिकवून त्याच्या हातात प्रमाणपत्र दिले आणि काही झाले, तर जबाबदारी कोणाची? हे त्यांचे बरोबर आहे. म्हणून प्रमाणपत्र शाखेने देऊच नये. ते काम आयटीआयचे आणि कौशल्य परिषदेचे. शाखेने दार उघडावे, ओळख करून द्यावी, साधने द्यावीत. वर्गणीच्या मुद्द्यावर मात्र मी सहमत नाही. ज्या यंत्राची रचना मी काटेकोर कागदावर करतो, ते शेवटी त्या मुलाच्या पान्यावर अवलंबून असते. त्याने व्हॅक्यूम काढला नाही, तर माझे गणित वाया. त्याला शिकवणे हा माझ्याच कामाचा शेवटचा टप्पा आहे.

साधनांबद्दल एक कल्पना फार दिवस डोक्यात आहे. आपल्याकडे लग्नकार्याची मोठी पातेली, झारे कोणी विकत घेत नाही. मंडळाकडून किंवा मांडववाल्याकडून दिवसाच्या भाड्याने आणतो. रिकव्हरी मशीन, चांगला व्हॅक्यूम पंप, गळती शोधणारे यंत्र, गॅस तोलायचा काटा आणि सुरक्षेचा पट्टा यांची अशीच पेढी शाखेने ठेवावी. दिवसाचे नाममात्र भाडे, अनामत रक्कम, नोंदवही. माझ्या हिशेबाने सभेनंतरच्या दोन-तीन जेवणांच्या खर्चात पहिला संच उभा राहतो. ओढून घेतलेला गॅस शुद्ध करून परत वापरता येतो, तेव्हा मेकॅनिकलाही त्यात चार पैसे सुटतात. फक्त पर्यावरणाच्या नावाने आवाहन केले, तर तो ऐकून घेईल आणि निघून जाईल.

या वर्षीच्या कार्यकारिणीला मी लेखी प्रस्ताव दिला आहे. बारापैकी तीन सभा मराठीत, त्या हॉटेलऐवजी आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये, रविवारी सकाळी. त्यासाठी ऑगस्टच्या आसपासचे महिने, कारण पावसाला जोर आला की सीझन ओसरतो आणि मेकॅनिकला श्वास घ्यायला सवड मिळते. सभेला येणाऱ्या मेकॅनिकसाठी वर्गणी नको, नाव आणि फोन नंबर पुरे. पहिल्या सभेचा विषय व्हॅक्यूम : एक कापून उघडलेला, आम्लाने खराब झालेला कॉम्प्रेसर मधोमध टेबलावर ठेवायचा, आणि बोलायची सुरुवात आमच्यापैकी कोणी करायची नाही. तो कसा गेला असेल, हे आधी त्यांनी सांगायचे.